आधी तपासणी, मग करवत

सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली. त्यानंतरच्या काही वर्षांत वाशीच्या पहिल्या सेक्टरांमध्ये इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांच्याबरोबर झाडेही लागली. रस्ते उघडेबोडके होते, ऊन रणरणते होते आणि सावली लवकर हवी होती. म्हणून झपाट्याने वाढणारी झाडे निवडली गेली: गुलमोहर, पर्जन्यवृक्ष, सोनमोहर. पुढे नेरूळ, बेलापूर, कोपरखैरणे, ऐरोली असे शहर वाढत गेले, तशी ही झाडेही त्याच्यासोबत पसरत गेली. त्यांतली पहिली झाडे आता पन्नाशीला टेकली आहेत.

राज्य शासनाने २०२१ साली वृक्षसंरक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष मानले. ही दुरुस्ती योग्यच आहे. पण गुलमोहरासारखे ठिसूळ लाकडाचे झाड थकू लागते तेही साधारण याच वयात. त्यामुळे नवी मुंबईतल्या अनेक सोसायट्यांच्या आवारात आज एकाच झाडाबद्दल दोन गोष्टी खऱ्या असतात. ते जपण्याजोगे असते आणि त्याच्याखाली गाडी लावताना माणूस एकदा वर बघतो. या दोन्ही गोष्टी एकत्र पेलायच्या तर झाड वाचता येणारा माणूस लागतो. वृक्षतज्ज्ञ किंवा आर्बोरिस्ट म्हणतात तो हा माणूस. तो काय करतो, त्याला कसे ओळखायचे, त्याच्याकडून काम कसे करून घ्यायचे आणि त्याला न बोलावल्यास नुकसान कशाचे होते, हे सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

पुस्तकाचा वाचक माझ्या डोळ्यांपुढे स्पष्ट आहे. तो सोसायटीचा सचिव किंवा अध्यक्ष आहे, रो-हाऊसचा मालक आहे, शाळेचा किंवा मंदिराचा विश्वस्त आहे. त्याला झाडे आवडतात, पण झाडांबद्दलचा निर्णय घेण्याची वेळ आली की त्याच्या हाताशी कोणी नसते. एप्रिल-मे उजाडला की रहिवाशांच्या तक्रारी सुरू होतात. कोणाच्या खिडकीत फांदी आलेली असते, कोणाच्या गाडीवर पानगळ होते, कोणाला पावसाळ्याची धास्ती असते. मग कोणीतरी कोणाचा तरी फोन नंबर देतो. दोन माणसे कोयता, दोर आणि करवत घेऊन येतात, झाडाकडे एकदा मान वर करून बघतात आणि सांगतात, "साहेब, वरून सगळं उतरवून टाकू, दोन-तीन वर्षं बघायला नको." टेम्पोसकट भाव ठरतो, लाकूड त्यांचे. संध्याकाळपर्यंत डेरेदार झाडाचा खांब होतो.

यात त्या दोन माणसांना दोष देण्यात अर्थ नाही. बिनपट्ट्याने चाळीस फुटांवर चढून काम करायला धाडस लागते आणि कसबही लागते. दोष व्यवहाराच्या रचनेत आहे. किती कापायचे हे जो ठरवतो, त्याचीच कमाई कापण्यावर अवलंबून असते. जितके लाकूड खाली येईल तितका त्याचा फायदा. मग "हे झाड ठणठणीत आहे, याला हात लावू नका" असे सांगणार कोण? वृक्षतज्ज्ञाला बोलावण्याचे सगळ्यात मोठे कारण इथे आहे. झाड तपासण्याचे पैसे वेगळे द्या आणि कापण्याचे वेगळे. तपासणाऱ्याला काहीच न कापण्याचा सल्ला देऊनही त्याची फी मिळाली पाहिजे. या एका बदलाने शहरातल्या निम्म्या चुकीच्या छाटण्या थांबतील, असे मी मनापासून मानतो.

आपण इमारतीच्या बाबतीत हे तत्त्व केव्हाच मान्य केले आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावे लागते. ते ऑडिट आपण दुरुस्तीच्या कंत्राटदाराकडून करून घेत नाही, स्वतंत्र अभियंत्याकडून करून घेतो. त्याच आवारात, त्याच वयाचे, काही टन वजनाचे आणि सोसाट्याच्या वाऱ्यात हलणारे झाड मात्र कोणीही कधी तपासलेले नसते.

नवी मुंबईत हा प्रश्न अधिक तीव्र का, हे समजून घ्यायला हवे. शहराचा मोठा भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर वसला आहे. इथे मिठागरे होती, भातखाचरे होती, भरतीचे पाणी आत येणाऱ्या पाणथळ जागा होत्या. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवायला सिडकोला धारण तलाव बांधावे लागले, यावरूनच जमिनीची पातळी कळते. अशा जागी भराव टाकून त्यावर झाडे लावली की मुळांना खाली चिकट, पाणी धरून ठेवणारा चिखल लागतो. मुळांना श्वास घ्यायला हवा लागते. ती खाली मिळत नाही, म्हणून मुळे वरच्या थरातच आडवी पसरतात. आणि नेमका हाच वरचा थर आपण सतत उकरतो किंवा झाकून टाकतो. गटार, जलवाहिनी, गॅसची पाइपलाइन, केबल यांसाठी चर खणला की एका बाजूची मुळे तुटतात. वरून पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट थेट बुंध्यापर्यंत आणले की उरलेल्या मुळांची हवा आणि पाणी बंद होते. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१३ मध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात झाडाभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले होते. आपल्याकडे आजही अनेक आवारांत झाडाला साधे अळेसुद्धा ठेवलेले दिसत नाही.

मग ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येते, पुढच्याच वर्षी १७ मे २०२१ ला तौक्ते किनाऱ्याजवळून जाते आणि शहरात ठिकठिकाणी झाडे उन्मळून पडतात. सगळे म्हणतात, वादळाने झाड पाडले. त्यांतली कित्येक झाडे चार-पाच वर्षे आधीच, मुळे तोडणाऱ्या एखाद्या चराने किंवा एकाच बाजूने केलेल्या छाटणीने पाडलेली असतात. वादळ फक्त शेवटचा धक्का देते.

छाटणीने झाड कमकुवत कसे होते, हे पुस्तकात सविस्तर दिले आहे. त्याचा गाभा इथेच सांगतो, कारण तो समजला की बाकीचे सगळे आपोआप उलगडते. अमेरिकेच्या वनसेवेत काम केलेले अ‍ॅलेक्स शायगो (१९३०–२००६) यांनी हजारो झाडे चेनसॉने उभी चिरून त्यांच्या जुन्या जखमा आतून अभ्यासल्या. त्यांना दिसले ते असे: आपल्या त्वचेची जखम भरून येते तशी झाडाची येत नाही. कुजलेले लाकूड पुन्हा निरोगी होत नाही. झाड त्या भागाभोवती आतून भिंती उभारते, कूज तिथेच कोंडून ठेवते आणि बाहेरून नवे लाकूड वाढवून तोंड बंद करते. ही भिंत उभारण्याची सगळ्यात मोठी ताकद फांदी जिथे खोडाला मिळते तिथल्या फुगीर वळकटीत असते.

आता एखाद्या फांदीजवळ उभे राहून बघा. खोडातून फांदी निघते तिथे खालच्या अंगाला सालीचा किंचित फुगवटा दिसतो आणि वरच्या बेचक्यात सालीची काळपट, सुरकुतलेली रेघ दिसते. योग्य काप या रेघेच्या किंचित बाहेरून सुरू होतो आणि फुगवट्याला धक्का न लावता खाली उतरतो. फांदी जड असेल तर तीन काप घ्यावे लागतात. पहिला खोडापासून हातभर अंतरावर, खालून वर, फांदीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून खाली. फांदी मोडून पडते, पण पहिल्या कापामुळे साल सोलत खोडापर्यंत येत नाही. मग उरलेला हलका खुंट तिसऱ्या कापाने फुगवट्याबाहेरून काढायचा. अशी जखम दोन-चार वर्षांत गोल कड्यासारख्या नव्या सालीने बंद होऊ लागते. तिच्यावर डांबर किंवा रंग फासण्याची गरज नसते, उलट त्याखाली ओल कोंडते.

आपल्या रस्त्यांवर मात्र दोनच प्रकार दिसतात. एक तर फांदी खोडाशी सपाट कापलेली असते, म्हणजे ती संरक्षक वळकटीच गेलेली असते. नाहीतर हात-दीड हात खुंट सोडलेला असतो. तो वाळतो, त्यात पाणी मुरते, वाळवी लागते आणि कूज त्या वाटेने खोडात उतरते. आणि शेंडा उडवलेल्या झाडाचे तर विचारूच नका. पाने गेली म्हणजे अन्न गेले, म्हणून झाड घाबरून खुंटांच्या कडेने ढीगभर धुमारे फोडते. दोन पावसाळ्यांत ते पुन्हा हिरवेगार दिसते आणि सोसायटीला वाटते, छाटणी मानवली. पण हे धुमारे खोडाच्या गाभ्यातून आलेले नसतात, सालीखालच्या थरातून फुटलेले असतात. तीन-चार वर्षांत ते मनगटाएवढे, मांडीएवढे जाड होतात, त्यांच्याखालचा खुंट कुजत गेलेला असतो आणि मग एखाद्या जुलैच्या रात्री ते वजनाने निखळतात. सुरक्षिततेसाठी केलेल्या छाटणीतून असा धोका तयार होतो.

जाणकार वृक्षतज्ज्ञ आला की तो कामाला सुरुवात झाडाच्या पायथ्यापासून करतो. जमिनीला एका बाजूने भेग पडली आहे का, माती उचलली गेली आहे का, मुळे कुठे तोडली आहेत, हे तो बघतो. बुंध्याशी अर्धगोल, लाकडासारखी टणक, तपकिरी-लालसर भूछत्रे दिसली तर तो थांबतो. ते गॅनोडर्मा असू शकते. गुलमोहर आणि सोनमोहर यांच्या मुळांत कूज धरवणारी ही बुरशी आहे आणि वरचा पाला हिरवा असतानाही खालचा आधार ती पोखरून टाकते. मग तो लाकडी हातोडीने खोड वाजवून बघतो, ढोली असेल तर सळई घालून तिची खोली आणि भोवतीच्या भरीव लाकडाची जाडी मोजतो. छातीच्या उंचीवर, साधारण साडेचार फुटांवर, घेर घेतो. दोन फांद्या जिथे अरुंद बेचक्यात एकमेकींना चिकटल्या आहेत तिथे साल आत दाबली गेली आहे का ते बघतो. झाड पडले तर कशावर पडेल, हेही तो पाहतो. रिकाम्या मैदानातले कुजके झाड आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेवर कललेले कुजके झाड यांना एकच सल्ला लागू पडत नाही. शंका उरली तर ध्वनिलहरींनी किंवा बारीक सुई आत घालून खोडाची घनता मोजणारी उपकरणे आहेत. पण चांगल्या तज्ज्ञाचे बहुतेक निदान डोळे, हात आणि अनुभव यांवर होते.

नारळाचा विचार वेगळा करावा लागतो, कारण या किनारपट्टीवर जवळजवळ प्रत्येक आवारात माड आहे. माडाच्या खोडात साल आणि लाकूड यांच्यामधला वाढीचा थर नसतो. त्यामुळे त्याच्या खोडावरची जखम कधीच बंद होत नाही. चढण्यासाठी पाडलेल्या खाचा, ठोकलेले खिळे, आवळून बांधलेल्या दिव्यांच्या माळा, सगळे कायमचे. सोंड्या भुंग्याने आत पोखरले की छिद्रातून तांबूस चिकट द्रव झिरपतो आणि तोवर बराच उशीर झालेला असतो. जुलै २०१७ मध्ये चेंबूरला दूरदर्शनच्या एका माजी निवेदिका रस्त्याने चालत असताना माड अंगावर कोसळला आणि त्यांचा मृत्यू झाला. ते झाड धोकादायक असल्याची तक्रार आधीच झाली होती, असे त्या वेळी वर्तमानपत्रांत आले होते. अशा प्रसंगी "सगळे माड तोडा" आणि "एकही झाड तोडू देणार नाही" अशा दोन टोकांच्या मागण्या उठतात. दोन्हींत कोणते झाड धोक्याचे आणि कोणते नाही, हा खरा प्रश्न बाजूलाच राहतो.

कायद्याबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. झाड मुळापासून तोडले तरच परवानगी लागते, फांद्या आपल्या आवारातल्या आहेत, आपण हव्या तशा कापू, असे अनेकांना वाटते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ यात झाड तोडणे म्हणजे काय, याची व्याख्या दिली आहे. झाड जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे त्याला इजा करणे हे सगळे तीत येते. झाड सोसायटीच्या मालकीच्या जमिनीवर असले तरी हा कायदा लागू होतो. नवी मुंबई महानगरपालिका १९९२ साली अस्तित्वात आली आणि दिघ्यापासून बेलापूरपर्यंतच्या भागासाठी परवानगी तिच्याकडून घ्यायची असते. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल इथल्या रहिवाशांनी २०१६ साली स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेकडे जायचे असते. अर्जासोबत तज्ज्ञाचा लेखी अहवाल, झाडाचा क्रमांक, फोटो आणि नेमके कोणते काम करायचे याची नोंद जोडली की अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्यालाही निर्णय घेणे सोपे जाते. परवानगी हाती आल्याशिवाय कोयता लावू नका, असे जो तुम्हाला स्वतःहून सांगतो, तो माणूस विश्वासाचा.

आता जाणकार ओळखायचा कसा? आपल्याकडे वृक्षतज्ज्ञांना परवाना देणारी वेगळी वैधानिक परिषद नाही, त्यामुळे पाटी कोणीही लावू शकतो. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर ही संस्था परीक्षा घेऊन आणि अनुभव तपासून जगभर प्रमाणपत्र देते, पण ते घेतलेली माणसे भारतात मोजकीच आहेत. वनस्पतिशास्त्र, उद्यानविद्या किंवा वनशास्त्र शिकलेली माणसे जास्त आहेत. आपल्या कोकणात दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात या विषयांचे शिक्षण मिळते. मात्र पदवी असली तरी मोठ्या झाडांवर काम केल्याचा अनुभव स्वतंत्रपणे विचारावा लागतो. म्हणून प्रमाणपत्र विचाराच, पण त्याच्यासोबत उत्तरेही ऐका. झाड न बघता फोनवर भाव सांगणाऱ्याला नको म्हणा. शेंडा उडवायचा सल्ला देणाऱ्याला नको म्हणा. एका वर्षी एकूण जिवंत पाल्याच्या चौथाईहून जास्त काढू नये, हे त्याला ठाऊक आहे का, ते बघा. जिवंत झाडावर खिळ्यांचे बूट घालून चढतो का, विचारा. चढणाऱ्यांना हेल्मेट, पट्टा आणि विमा आहे का, वीजवाहिनी जवळ असेल तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घेणार का, काम सुरू करण्याआधी घरटी तपासणार का, हेही विचारा. वैशाखात कावळे घरटी बांधतात आणि आपली छाटणी नेमकी तेव्हाच निघते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे आणि तो पक्ष्यांच्या अंड्यांनाही लागू आहे. शक्य असेल तिथे छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकावी.

वृक्षतज्ज्ञाचे काम छाटणीपुरते नाही, हेही सांगायला हवे. मुंबईत गेल्या दशकात पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने कितीतरी पर्जन्यवृक्ष वठले. कीड फांदीच्या टोकाला असतानाच ओळखणारा कोणी असता, तर काहींवर तरी वेळेत उपचार करता आले असते. दुसरे मोठे काम पुनर्विकासाचे. वाशीतल्या सिडकोकालीन इमारती पाडून नवे मनोरे उभे राहत आहेत. नकाशावर झाड "राखून ठेवलेले" दाखवले तरी त्याच्या पाल्याच्या घेराखालून अवजड यंत्रे फिरली, माती दाबली गेली, सिमेंटचे पाणी मुरले की ते दोन-तीन वर्षांत मरते आणि तोवर बिल्डर निघून गेलेला असतो. म्हणून पत्र्याचे कुंपण बुंध्याभोवती न घालता पाल्याच्या घेराबाहेर घाला, ही अट विकासकाशी होणाऱ्या करारातच लिहून घ्यायला हवी. पुनर्रोपणाचेही तसेच. जेसीबीने उपटून दुसऱ्या खड्ड्यात उभे केलेले झाड जगत नाही. मुळांची टप्प्याटप्प्याने तयारी, मातीचा पुरेसा गोळा आणि नंतरची काही वर्षांची देखभाल, एवढे सगळे करायला कोणी जबाबदार असेल तरच त्याला पुनर्रोपण म्हणता येईल.

ही विद्या आपल्याला परकी नाही. सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेद' या संस्कृत ग्रंथात झाडांचे रोग आणि त्यांवरचे उपाय यांची मांडणी आहे, आणि नलिनी साधले यांनी त्याचा केलेला इंग्रजी अनुवाद १९९६ साली प्रसिद्ध झाला. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयी जे नियम आहेत, त्यांतही सरसकट बंदी नाही आणि सरसकट मुभाही नाही. कोणते झाड, कोणत्या अवस्थेतले, कोणाच्या संमतीने, असा विचार आहे. जुन्या उपायांपैकी काय आज टिकते ते तपासून घ्यावे लागेल. पण प्रत्येक झाडाचा स्वतंत्र विचार करण्याची ही शिस्त आपलीच आहे.

पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिल्यात नवी मुंबईत नेहमी दिसणाऱ्या झाडांची ओळख आणि प्रत्येकाची दुखणी आहेत. दुसऱ्यात रहिवाशांनी स्वतः वर्षातून दोनदा करायच्या पाहणीचा नमुना आहे, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर. तिसऱ्यात तज्ज्ञ नेमताना करायच्या कराराचा मसुदा, अहवालाचा नमुना आणि परवानगीची पद्धत आहे. चौथ्यात नवी झाडे लावताना कोणती, कुठे आणि किती अंतरावर लावावीत, याचा विचार आहे. बकुळ, ताम्हण, करंज अशी आपल्या मातीतली, बेताने वाढणारी झाडे आज लावली आणि पहिल्या पाच वर्षांत त्यांना नीट वळण दिले, तर पुढच्या पिढीला करवत कमी लागेल.

वाचकाकडे माझी एकच मागणी आहे. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत "आवारातील झाडांची तज्ज्ञाकडून तपासणी" हा विषय घाला आणि त्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र रक्कम मंजूर करून घ्या. लिफ्टच्या वार्षिक देखभालीला आपण हात आखडता घेत नाही, तसा इथेही घेऊ नका. हा ठराव एकदा मंजूर झाला की झाडाचा निर्णय घाईत, भीतीने किंवा कोणाच्या तक्रारीच्या दबावाखाली घ्यावा लागणार नाही. तो माहितीवर घेता येईल, आणि ज्या झाडाला खरोखर काढायलाच हवे, तेही निश्चिंत मनाने काढता येईल.